थर्झाला चाक

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

दिवस ४११.

दारू सोडलेल्यांच्या बैठकीतल्या म्हाताऱ्याने निघताना ही वही हातात कोंबली. म्हणाला, रोज चार ओळी खऱ्या लिही. दारू सोडली तरी खोटं बोलायची सवय मागे राहते, ती अशी जाते. मला शाळेत निबंधात कधी दहापैकी तीनच्या वर मिळाले नाहीत, पण म्हाताऱ्याला नाही म्हणवत नाही.

तर खरं असं, की मी आज खूश आहे. टॉलिव्हर गाव म्हणजे एक रस्ता, एक दुकान, ऑपलबाईंची खानावळ आणि चारही बाजूंनी डोंगर. मला गावाबाहेर लाकडी खोली मिळाली आहे. चूल आहे, नळाला पाणी आहे, छप्पर एकाच जागी गळतं. काम साधं आहे. चौदा जणांची गाडी घेऊन पर्यटकांना जंगलातल्या जुन्या रस्त्याने वरच्या खिंडीपर्यंत न्यायचं, वाटेत मायक्रोफोनवर इतिहास सांगायचा आणि परत आणायचं. अडतीस मैल जायला, अडतीस यायला. मैलांचे खांब गावापासून मोजलेले आहेत.

नोकरी हॉलिसने दिली. रस्ता त्याच्या ताब्यात आहे. तो स्वतः अकरा वर्षं प्यालेला नाही, त्यामुळे अर्जात माझ्या दारूचं वाचूनही त्याने तोंड वाकडं केलं नाही. एवढंच म्हणाला, की दूधगाडी चालवायचास ना, मग हळू चालवता येत असेल. दूध नासतं, पर्यटक आधीच नासलेले असतात.

१६ सप्टेंबर, बुधवार

दिवस ४१३.

आज हॉलिसने शेजारी बसून रस्ता शिकवला. असा रस्ता मी पाहिला नाही. आधी पाइन, मग फर, आणि वर गेलं की लार्च. अजून हिरवी आहेत, पण ऑक्टोबरच्या मध्यावर अख्खा डोंगर पिवळाधमक होतो म्हणे. रस्ता खडीचा, वर पिठासारखी धूळ. याच वाटेने एकशेपस्तीस वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या लोकांचे तांडे बैलगाड्या घेऊन पश्चिमेला उतरले. पंचविसाव्या मैलाला जुन्या झाडांच्या बुंध्यांवर खोल वळ आहेत. उतार इतका उभा, की गाड्या दोरखंडाने झाडांना बांधून हळूहळू खाली सोडत.

सत्ताविसाव्या मैलाला रस्त्याच्या मधोमध एक उंचवटा आहे. मी सवयीने बाजूने घ्यायला गेलो, तर हॉलिसने सुकाणूच धरलं. "वरून ने. थर्झाला चाक दे," म्हणाला. गाडी हलकीशी उचलली गेली आणि उतरली.

मग त्याने सांगितलं. थर्झा नावाची बाई १८५२ साली इथे तापाने गेली. तांड्यावर कुणी मेलं की त्याला वाटेतच पुरायचे आणि सगळ्या गाड्या वरून न्यायचे, म्हणजे जमीन सपाट होते आणि लांडग्यांना थडगं सापडत नाही. मुलीची वेणी घालता घालता गेली बिचारी. डावी झाली होती, उजवी राहिली. मुलगी, लव्हिना, दरी गाठेपर्यंत एका बाजूचे केस मोकळे ठेवून गाडीत बसून होती. गावातले लोक अजून जाता-येता तिच्यावरून चाक नेतात. हिवाळ्यात रस्ता बंद असतो तेव्हा काय करता, असं मी विचारलं. हॉलिस म्हणाला, तेव्हा बर्फ बसतं तिच्यावर.

मला हसू आलं. नंतर थोडं वाईटही वाटलं.

२० सप्टेंबर, रविवार

दिवस ४१७.

माझ्या बायकोचं, कॉरीनचं पत्र आलं. १७ ऑक्टोबरला, शनिवारी, ती आमच्या मुलीला, मार्नीला घेऊन येणार आहे. एक दिवसासाठी. मी ते पत्र दुकानाच्या पायरीवर चार वेळा वाचलं आणि लोकांसमोर रडलो, त्याला इलाज नव्हता.

म्हाताऱ्याने खरं लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो. मार्नीला मी चौदा महिन्यांत पाहिलेलं नाही. गेल्या वर्षीच्या जुलैत ती मागच्या सीटवर होती, मी प्यालेलो होतो आणि गाडी नाल्यात घातली. तिला खरचटलं सुद्धा नाही. पण उलट्या गाडीत अंधारात ती मला हाका मारत होती आणि मी उठून, तिला तशीच सोडून, रस्त्याने चालत निघालो होतो. मदत आणायला, असं मी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून प्यालो नाही.

पत्रात अट आहे. मार्नी गाडीत असताना मी चालवायचं नाही. बरोबर आहे. आणि पुन्हा प्यालास तर हा विषय कायमचा बंद, असंही शेवटी आहे. त्या ओळीखाली रेघ मारली आहे.

मार्नी आता आठ वर्षांची आहे.

२७ सप्टेंबर, रविवार

दिवस ४२४.

दिवसातून चारदा त्या बाईच्या अंगावरून गाडी नेतो. पहिले काही दिवस गंमत वाटली, आता तिथे आलं की मी मायक्रोफोन बंद करतो. हॉलिस तीन आठवड्यांसाठी पलीकडच्या खोऱ्यात एल्क हरणांच्या शिकारीला गेलाय, तोवर मी काहीतरी करायचं ठरवलंय. बाजूला दोन ट्रक खडी टाकून वाट रुंद करायची, म्हणजे गाड्या वळसा घेऊन जातील. थडग्याभोवती सरळ खोडांचं कुंपण घालायचं आणि नावाची पाटी लावायची. हॉलिसच्या कार्यालयातली पोरगी म्हणाली खुशाल करा, पर्यटकांना फोटो काढायला बरं.

खरं कारण मार्नी आहे. इतक्या दिवसांनी बाप दिसणार, तर त्याने स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना केलेली एक तरी गोष्ट तिला दाखवावी असं वाटतं.

३ ऑक्टोबर, शनिवार

दिवस ४३०.

कुंपण झालं! हाताला फोड आलेत, पण काम देखणं झालंय. पाटीवर अक्षरं कोरली: थर्झा, एका मुलीची आई. आजच्या गाडीतल्या दोन बायकांनी डोळे पुसले आणि फुलं ठेवली.

संध्याकाळी खानावळीत मी हौसेने सांगितलं. ऑपलबाईंचं वय चौऱ्याऐंशी आहे. एरवी ताटात दुसऱ्यांदा रस्सा वाढताना माझ्या हाडकुळेपणावरून टोमणे मारतात. आज पळी हातात तशीच राहिली. मग आज तिला चाक कुणी दिलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता कुणी देणार नाही, तिला स्वस्थ पडू दे. त्या पळी ठेवून आत गेल्या. म्हाताऱ्या माणसांना बदल सोसत नाही, दुसरं काय.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दिवस ४३३.

सकाळच्या पहिल्या फेरीला चोविसाव्या मैलाला धुळीत पावलं दिसली. अनवाणी. लहानखुऱ्या बाईची असावीत. गाडीच्या चाकाच्या चाकोरीतूनच चाललेली, एकही पाऊल बाहेर नाही, सगळी खाली गावाकडे. उतरून पाहिलं. सकाळी तिथे पाणी गोठतं आणि ही बाई अनवाणी! शहरातली टोळकी जंगलात राहायला येतात, त्यांतलीच कुणी असेल.

लार्च रंग धरायला लागलीत. मार्नीला अगदी वेळेवर दिसणार.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवस ४३६.

आज एक गोष्ट घडली, ती जशी घडली तशी लिहितो.

दुपारच्या फेरीला एक कुटुंब होतं. पाच वर्षांची मुलगी हट्टाने सगळ्यात मागच्या सीटवर एकटी बसली. खिंडीत मी तिचा फोटो काढून दिला, तेव्हा केस मोकळे होते, हे मला पक्कं आठवतं. गावात उतरली तेव्हा डाव्या बाजूला वेणी होती. घट्ट, कानामागून घेतलेली, शेवटाला तपकिरी कापडाची चिंधी बांधलेली. उजवे केस तसेच मोकळे.

तिच्या आईने पुढच्या सीटवरच्या बाईचे आभार मानले. ती म्हणाली मी नाही. मग आईने मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, मागच्या बाईने घातली.

तिच्या मागे फक्त काच होती.

आईने चिंधी सोडून फेकून दिली. मी उचलली. जाडंभरडं कापड आहे, हाताने विणलेलं. ओल्या मातीचा वास येतो. दोन आठवड्यांत इथे पाऊस नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

दिवस ४३७.

पावलं आता सोळाव्या मैलापर्यंत आलीत.

कुंपणाच्या आतला उंचवटा गेला. जमीन खाली बसली आहे, अंथरुणातून कुणी उठून गेल्यावर गादी दिसते तशी. ठेवलेली फुलं त्या खळग्यात घरंगळली आहेत.

मी प्यालेलो नाही. हे लिहून ठेवतो, कारण मलाच वाचायला लागेल.

११ ऑक्टोबर, रविवार

दिवस ४३८.

चिंधी घेऊन ऑपलबाईंकडे गेलो. त्यांनी हात लावला नाही. खुर्ची दाखवली आणि खानावळीचं दार लावून घेतलं.

त्यांची पणजी त्या तांड्यात होती, नऊ वर्षांची. लांडग्यांची गोष्ट बाहेरच्यांना सांगायची असते, म्हणाल्या. तांडा खिंड उतरत होता आणि बर्फ सुरू झालं. थर्झाला ताप होता, उठवत नव्हतं. थांबलं असतं तर सगळेच अडकले असते. तेव्हा ती मेली असं ठरलं. ठरलं, हाच शब्द त्यांनी वापरला.

"पुरती मेली नव्हती, पोरा. पहिली गाडी वरून गेली तेव्हा खालून हाक आली. लव्हिना, लव्हिना. एकतीस गाड्या होत्या. पोरगी तिसऱ्या गाडीत. मागच्या गाड्यांना कुणी थांब म्हणालं नाही. शेवटी आवाज बंद झाला. मग दुसऱ्या वर्षीच्या तांड्याला सांगून ठेवलं, तिच्यावरून चाक न्या. तेव्हापासून नेतोय."

मी विचारलं, तिला काय हवंय. ऑपलबाई म्हणाल्या, आईला काय हवं असतं. गाडीत बसून गेलेली पोर हवीय. राहिलेली उजवी वेणी घालायची आणि पोरीला घेऊन जायचं. ती प्रत्येक गाडीत बघत असेल, ही माझी का. मी विचारलं, लव्हिनाचं वय काय होतं.

आठ.

तिथून तडक वर गेलो. कुऱ्हाडीने कुंपण तोडलं, पाटी उपटली, गाडी वरून घातली. पुढचं चाक धाडकन आत गेलं, आसापर्यंत. खाली पोकळ आहे. काही नाही तिथे. दोन तास खणून गाडी बाहेर काढली. ऑपलबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, रिकाम्या अंथरुणाला चाक देऊन काय उपयोग.

मीच उठवलं तिला. चांगुलपणा करायला गेलो आणि मीच उठवलं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

दिवस ४४०.

ब्रेक बिघडलेत असं सांगून फेऱ्या बंद केल्या. पावलं आठव्या मैलाला.

दुकानातून कॉरीनला फोन केला. या शनिवारी नको म्हटलं, पुढच्या महिन्यात या. ती कारण विचारत राहिली. रस्ता खराब आहे म्हटलं. हवा खराब आहे म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. ती म्हणाली, मार्नीची पिशवी आठवडाभर दाराशी भरून ठेवलीय. मग थेट विचारलं, मर्ल, प्यायलास का. मी नाही म्हटलं. मग आम्ही येणार, म्हणाली.

खरं सांगू तर काय सांगू? एक मेलेली बाई आठ वर्षांच्या मुलीची वेणी घालायला चालत येतेय, हे? त्यापेक्षा प्यालो म्हणालो असतो तर तिला सोपं गेलं असतं.

प्यालो म्हणालो असतो तर ती आलीच नसती.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

दिवस ४४२. हे खरं आहे.

कॉरीनला सांगितलं, शून्य.

दोन दिवस विचार केला. दुसरा रस्ता दिसला नाही. फोन करून म्हणालो, मी प्यायलोय, काल, परवा, पुन्हा सुरू झालंय. मार्नीला आणू नकोस. तिच्या मागे मार्नी काहीतरी गुणगुणत होती, ते ऐकू येत होतं. मग कॉरीनने फोन ठेवला.

तिच्या पत्रातली ती रेघ आठवते. आता मार्नी मला दिसणार नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही. पण गाडी इकडे येणार नाही.

त्या वेळी तिला सोडून चालत गेलो होतो. या वेळी तिच्यासाठी सोडलं. एवढंच.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी पावलं माझ्या पायरीशी. दाराकडे तोंड करून दोन्ही पाय जोडलेले, खोल उमटलेले. बराच वेळ उभी होती.

आणि मग वळलीत. परत. वर, डोंगराकडे. सातव्या मैलापर्यंत गाडीतून जाऊन पाहिलं, सगळी वर चाललेली. उतरताना होती त्याच्या दुप्पट अंतर आहे दोन पावलांत.

गेली! इथे तिच्यासाठी कुणी नाही हे कळलं असावं. आपल्या जागी गेली. उद्या हॉलिस आला की दोघे मिळून खड्डा बुजवू आणि चाक देऊ. जन्मभर देईन.

किती दिवसांनी भूक लागली.

१७ ऑक्टोबर, शनिवार, दुपार

त्या आल्या.

खालच्या मोठ्या रस्त्याने नाही. वरून, खिंडीतून. मार्नीला पिवळी झाडं दाखवायची होती म्हणून —

कॉरीन गाडीतून उतरली. डोळे सुजलेले. मी ओरडायला लागलो, का आलीस, का आणलंस तिला. ती म्हणाली, "दहा वर्षांत पहिल्यांदा तू न विचारता खरं सांगितलंस, मर्ल. म्हणून आले." दारुड्यांच्या बायकांच्या बैठकीत सगळ्यांनी तिला हेच सांगितलं म्हणे. जो आपणहून कबूल करतो त्याला सोडू नये.

मी तिच्याशी आयुष्यात एकदाच चांगल्यासाठी खोटं बोललो.

ती पावलं माघारी गेली नव्हती. सामोरी गेली होती.

मार्नी मागच्या सीटवर होती. उंच झालीय. मला बघून हसली, पुढचा एक दात नाही. डाव्या बाजूला वेणी. तपकिरी चिंधी.

कॉरीन म्हणते, मी तर केस मोकळे सोडले होते.

त्याच दिवशी, गाडीत

कॉरीन चालवतेय. मी मागे, मार्नीला चिकटून. मोठ्या रस्त्याने पश्चिमेला. तिला इतकंच म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल, काही विचारू नकोस. माझ्या तोंडाचा वास घेतला तिने. मग चावी फिरवली. मी प्यालेलो नाही हे तिला कळलंय. म्हणूनच ती घाबरलीय.

मार्नीसमोर बोलता येत नाही. म्हणून लिहितोय. पुढच्या पेट्रोलपंपावर हे पान कॉरीनच्या हातात देणार. कॉरीन, वाच, मागचंही सगळं वाच. थांबू नकोस, गाडी —

डावी वेणी मी सोडली. चिंधी खिडकीबाहेर फेकली.

पुन्हा आहे.

तिचे उजवे केस मी मुठीत धरलेत. डाव्या हाताने. उजव्याने लिहितो. अक्षर —

रस्ता डांबरी आहे. धूळ नाही. पावलं उमटत नाहीत इथे, कळत नाही किती —

ओल्या मातीचा वास. काचा बंद आहेत.

मार्नी विचारते, लव्हिना कोण? मी म्हटलं कुणी नाही. तू मार्नी. तुझं नाव मार्नी. म्हण. ती म्हणत नाहीय.

मुठीत केस आहेत. मी सोडलेले नाहीत. मी या वेळी सोडणार नाही. पण मुठीतल्या मुठीत ते — तीन पेड — गार बोटं माझ्या बोटांमधून —

कॉरीन आरशात बघतेय. कॉरीन, आरशात नको, पुढे बघ —

मार्नी म्हणते, बाबा, जरा सरक ना, तिला बसायला